चिकुनगुन्याचा विषाणू आपलं काय काय वापरतो?

पाऊस ओसरला, गणपती उठले की नाशिकच्या दवाखान्यांत एका ठरावीक तक्रारीची गर्दी होते. ताप दोन-चार दिवसांत उतरलेला असतो, पण सकाळी मूठ वळत नाही, कपाचा कान धरवत नाही, जिना उतरताना कठडा सोडवत नाही. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आत रांगेतलं कुणीतरी निदान करून मोकळं होतं: ‘चिकुनगुन्याच असणार.’ जिल्ह्याला हा आजार नवा नाही. बरीच वर्षं गायब असलेला हा विषाणू २००५च्या अखेरीस देशात परतला आणि २००६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एकट्या मालेगावात २,०००हून जास्त रुग्ण नोंदले गेले. त्या वर्षी देशातल्या संशयित रुग्णांचा आकडा १३ लाखांच्या पुढे गेला.

एवढा धुमाकूळ घालणाऱ्या विषाणूचं भांडवल मात्र जेमतेम १२ हजार अक्षरांचा आरएनए (म्हणजे त्याची जनुकीय माहिती) आणि त्यातून बनणारी दहाएक प्रथिनं. आपल्याकडे प्रथिनं बनवणारी सुमारे २० हजार जनुकं आहेत. पेशीत शिरायचं, स्वतःच्या प्रती काढायच्या, नवे कण बांधून बाहेर पडायचं, हे सगळं दहा प्रथिनांच्या बळावर होत नाही. बाकीची कामं तो आपल्याच प्रथिनांकडून करून घेतो. प्रश्न एवढाच, की २० हजारांपैकी नेमकी कुठली?

घरातला कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा हे कुणालाच आठवत नसेल, तर वायरमन एकेक फ्यूज काढून बघतो. संशोधकही तेच करतात, फक्त २० हजार फ्यूज एकाच वेळी. क्रिस्पर या तंत्रात सुमारे २० अक्षरांचा एक ‘गाइड’ कात्रीला पत्ता सांगतो आणि कात्री तेवढंच जनुक तोडते. प्रत्येक जनुकासाठी तीन-चार वेगवेगळे गाइड बनवायचे आणि कोट्यवधी पेशींमध्ये असे सोडायचे की बहुतेक पेशींच्या वाट्याला एकच यावा. (हे गाइड पेशीत पोचवायलाही निकामी केलेला विषाणूच वापरतात.) मग त्या पेशींवर खरा विषाणू सोडायचा. बहुतेक मरतात, थोड्या तगतात. तगलेल्या पेशींत कुठले गाइड पुन्हा पुन्हा सापडतात ते वाचायचं. ज्या जनुकाचे सगळे गाइड तिथे हजर, ते जनुक विषाणूच्या गरजेचं.

क्रिस्परच्या आधी जनुक न तोडता नुसतं दडपायची रीत होती. २००८च्या सुमारास तीन गटांनी त्या रीतीने एचआयव्हीला लागणारी माणसाची शेकडो प्रथिनं शोधली. याद्या शेजारी ठेवल्या तर तिन्हींत सामायिक नावं अगदीच मोजकी निघाली! म्हणून नुसत्या यादीच्या बातमीवर मी तरी फारसा विश्वास ठेवत नाही. क्रिस्परही सगळं पकडत नाही. जे जनुक तोडल्यावर पेशीच मरते, त्याबद्दल ते काही सांगू शकत नाही. आणि एकच काम दोन प्रथिनं करत असतील तर एक तोडून फरक पडत नाही.

तरीही हाती आलं ते मोलाचं आहे. २०१६मध्ये दिसलं की डेंग्यूच्या विषाणूला आपल्या प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढवणारी यंत्रणा लागते. गंमत म्हणजे तिचं साखर चढवायचं काम बंद पाडलं तरी डेंग्यूचं अडत नाही. ती यंत्रणा जागेवर असली की त्याला पुरतं.

चिकुनगुन्याचं कोडं २०१८मध्ये बरंचसं सुटलं. अमेरिकेत सेंट लुइसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात मायकेल डायमंड यांच्या गटाने उंदराच्या पेशींवर हाच प्रयोग केला आणि पेशीच्या पृष्ठभागावरचं एमएक्सआरए-८ हे प्रथिन सापडलं. त्याला चिकटून विषाणू पेशीत शिरतो. माणसातही ते आहे, आणि सांध्यांच्या कूर्चेतल्या, हाडांच्या, स्नायूंच्या पेशींवर आहे. दुखणं सांध्यांतच का घर करतं, याचं निदान अर्धं उत्तर इथे मिळतं. या प्रथिनाचा सुटा तुकडा उंदरांना टोचला तर विषाणू त्यालाच चिकटून फसतो आणि पायाची सूज कमी राहते.

याच्या पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. गायीकडेही हे प्रथिन आहे, पण विषाणू त्याला चिकटत नाही. २०२०मध्ये कारण कळलं: विषाणू जिथे चिकटतो, गायीच्या प्रथिनात नेमक्या त्या जागी १५ अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या माळेतल्या मण्यांचा) जादा तुकडा आहे. तो काढला की विषाणू चिकटतो. तोच उंदराच्या प्रथिनात घातला की चिकटेनासा होतो.

मग माणसात हे प्रथिन झाकून टाकणारं औषध का नको? एचआयव्हीच्या बाबतीत ते झालंय: आपल्याच सीसीआर-५ या प्रथिनाला झाकणारं मॅराविरॉक २००७पासून वापरात आहे. यात फायदा असा, की विषाणू रूप बदलू शकतो, आपलं प्रथिन बदलत नाही. धोकाही तिथेच आहे, कारण ते प्रथिन आपल्यासाठीही काहीतरी करत असतं. पॅरिसच्या संशोधकांना २०१९मध्ये चिकुनगुन्याला लागणारं एफएचएल-१ हे दुसरं प्रथिन सापडलं. ते जनुक बिघडलेल्या रुग्णांच्या पेशींत विषाणू नीट वाढला नाही, पण त्या रुग्णांना त्याच बिघाडाने स्नायूंचा गंभीर आजार जडलेला होता. ते प्रथिन सरसकट बंद करणं परवडणारं नाही. त्यामानाने एमएक्सआरए-८ बरं वाटतं. ते बिघडवलेले उंदीर निदान जगतात, वाढतात.

अडचण वेळेची आहे. विषाणू रक्तात साधारण आठवडाभरच असतो, सांधे मात्र महिनोन्‌महिने छळतात. मूठ वळत नाही म्हणून माणूस दवाखान्यात येतो तेव्हा पेशीचं दार अडवून फारसं साधत नाही. असं औषध कधी आलंच, तर ते दुखणाऱ्याच्या हातात देण्यापेक्षा त्याच घरातल्या, त्याच वाड्यातल्या, अजून ताप न आलेल्या माणसांना देणं जास्त उपयोगाचं ठरेल.