पोरांना भांडायला लावलं कुणी?

१९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह या ठिकाणी, अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरलं. मूळचे तुर्कस्तानचे मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी मुलांचे दोन गट पाडले आणि आठवडाभर ते एकमेकांपासून लांब ठेवले. मग रस्सीखेच आणि बेसबॉलचे सामने लावले. थोड्याच दिवसांत ‘ईगल्स’नी ‘रॅटलर्स’चा झेंडा जाळला, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या, समोरासमोर आले की शिव्या सुरू. पुढे शिबिराचं पाणी बंद पाडून दोन्ही गटांना एकत्र कामाला लावलं, तसा राग निवळत गेला.

हा प्रयोग बेळगावात सांगितला तर फार फोड करून सांगावी लागत नाही. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून हे बघत आलेला माणूस लगेच म्हणतो, ‘हेच की ओ आमचं!’ गट पडले की वैर आलंच, विज्ञानानंच सांगितलंय. माझी हरकत या घाईच्या होकाराला आहे.

कारण आदल्याच वर्षी, १९५३ मध्ये, शेरीफ यांनी न्यूयॉर्क राज्यात मिडल ग्रोव्ह इथे असंच शिबिर घेतलं होतं आणि ते फसलं होतं. तिथं गट पाडण्याआधी मुलांची आपसात ओळख झाली होती. सामने लावूनही भांडण पेटेना, तेव्हा कर्मचारीच गुपचूप खोड्या काढू लागले, म्हणजे संशय दुसऱ्या गटावर जावा. एका मुलाचं युकुलेली हे वाद्य मोडून ठेवलं. पण पोरं हुशार. हे काम मोठ्यांचंच आहे हे त्यांनी ओळखलं, एकमेकांवर आळ घ्यायचं नाकारलं आणि प्रयोग गुंडाळावा लागला. रॉबर्स केव्ह पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. मिडल ग्रोव्हचा तपशील जिना पेरी या लेखिकेनं जुनी कागदपत्रं धुंडाळून आणि त्या मुलांना म्हातारपणी गाठून २०१८ मध्ये सविस्तर मांडला. आपण प्रयोगात होतो, हेच त्यातल्या काहींना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मुलांना न सांगता त्यांच्यावर प्रयोग करणं हा नीतीचा दोष, आणि फसलेला प्रयोग मागे ठेवून जमलेला पुढे करणं हा विश्वासार्हतेचा, अशी वाटणी सहसा करतात. मला ती पटत नाही. माणसाला फसवून मिळवलेलं उत्तर बहुतेक वेळा उत्तर म्हणूनही कच्चं निघतं. स्टॅनली मिलग्रॅम यांच्या विजेच्या धक्क्यांच्या प्रयोगाचंच घ्या. त्यात लोकांना हुकूम देऊन दुसऱ्या माणसाला धक्के द्यायला लावलं जाई; धक्के खोटे होते, पण हे त्यांना सांगितलेलं नसे. १९६३ च्या अहवालाप्रमाणे ४० पैकी २६ जण हुकूम पाळत शेवटच्या, म्हणजे ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. पण जुन्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की ज्यांना धक्के खरे वाटत होते ते हुकूम मोडायला जास्त तयार होते. बनाव ओळखलेले मात्र बटणं दाबत राहायला जास्त तयार होते. मग प्रयोगानं नक्की काय मोजलं?

२०१५ मध्ये जगभरच्या संशोधकांनी मानसशास्त्रातले छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत ठळक परिणाम होता. पुन्हा करताना तो ३६ टक्क्यांतच दिसला. यात लबाडी करणारे थोडे. बाकीच्यांची चूक फार साधी असते आणि ती आपल्याकडे कशी घडेल हे सहज दिसतं.

समजा, मराठी आणि कानडी बोलणाऱ्यांच्या मनात एकमेकांबद्दल किती कडवटपणा आहे, याचा सर्व्हे कुणी काढला. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी पालथं घातलं आणि फरक काहीच सापडला नाही. मग फक्त तरुण घेऊन बघायचं. नाही? फक्त पुरुष. तेही नाही? फक्त निपाणीचे तरुण पुरुष. अशा चाळण्या लावत गेलं की कुठंतरी योगायोगानं आकडा वर येतोच, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही भाषांतल्या पेपरांना मथळा मिळतो. सिमन्स, नेल्सन आणि सायमनसोहन या संशोधकांनी २०११ मध्ये गणित करून दाखवलं, की अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर खोटा निष्कर्ष निघण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या वर जाते.

त्यात प्रश्न विचारणारा कोण, हेही आलंच. गणपत गल्लीतला दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत आणि पुढच्याशी कानडीत बोलतो. त्याच्यापुढे इंग्रजी संमतिपत्र ठेवलं तर तो न वाचता सही ठोकेल आणि विचारेल, ‘नाव लिवायचं काय? हे कुठं जानार?’ त्या एका शंकेनं पुढची सगळी उत्तरं सावध होतात. संमतिपत्र समजेल त्या भाषेत हवं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, ते उगीच नाही. आणि अहवालात ‘अमुक गावच्या कन्नड शाळेतल्या मराठी शिक्षिका’ असं छापलं, तर नाव गाळून उपयोग काय? अख्खं गाव ओळखणार.

भाषेचा परिणाम किती खोल असतो हे वॉलेस लँबर्ट यांनी १९६० मध्ये मॉन्ट्रियलच्या अभ्यासात दाखवलं. तेच वक्ते, तोच मजकूर, एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये. ऐकणाऱ्यांना वाटलं माणसं वेगळी. फ्रेंच भाषकांनीही इंग्रजी आवाजालाच जास्त गुण दिले. इथंही थोडी फसवणूक होतीच, पण कुणाला कुणाविरुद्ध उभं केलं नव्हतं, आणि ऐकवलेला आवाज दोन्ही वेळा खराखुरा होता.

आता काही नियतकालिकं माहिती गोळा करण्याआधीच संशोधनाचा आराखडा तपासतात आणि छापायचं की नाही ते तेव्हाच ठरवतात. काय शोधणार, किती जणांना विचारणार, कोणत्या चाळण्या लावणार, सगळं आधी लिहून द्यायचं. सीमाभागातला तो सर्व्हे असा झाला, दोन्ही भाषांत विचारला गेला, एक फेरी नोव्हेंबरात आणि एक त्यापासून लांबच्या महिन्यात झाली, आणि कडवटपणा फारसा सापडलाच नाही, तरी तो छापून येईल. मिडल ग्रोव्हच्या पोरांच्या वेळी अशी सोय नव्हती.