सापेक्ष मेजर आणि मायनर

सापेक्ष मेजर आणि मायनर : पाश्चात्त्य संगीतातील अशा दोन स्केलची (ठरावीक अंतरांच्या सुरांच्या ओळींची) जोडी, ज्यांचे सातही सूर तेच असतात, पण आधाराचा सूर, म्हणजे आपल्या भाषेत सा, निराळा असतो. प्रत्येक मेजरला एक सापेक्ष मायनर असते. अशा एकूण १२ जोड्या होतात.

कोल्हापुरात हा विषय हार्मोनियमवर लवकर उलगडतो. पेठेतल्या भजनी मंडळात पेटीवर बसणाऱ्याच्या तोंडी सी, डी, ई नसतात. ‘पांढरी एक’, ‘काळी चार’ असतात. पांढरी एकला (म्हणजे सी ला) सा धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या ओळीने वाजवल्या की मेजर स्केल येते. हाच आपला बिलावल थाट. त्याच पट्ट्या पांढरी सहापासून वाजवल्या की ग, ध, नी कोमल लागतात आणि आसावरी थाट, म्हणजेच नैसर्गिक मायनर, उभा राहतो. बाकीच्या जोड्या शोधायच्या तर मेजरच्या सा पासून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत तीन घरे खाली यावे. पांढरी पाचच्या मेजरचे सापेक्ष मायनर पांढरी तीनचे, तर काळी एकचे काळी पाचचे.

हे नुसते मोजून मात्र कानात उतरत नाही. त्यासाठी डाव्या हाताने भाता चालवत उजव्या हाताच्या अंगठ्याने मंद्रातली (खालच्या सप्तकातली) पांढरी सहा दाबून धरावी आणि उरलेल्या बोटांनी पांढऱ्या पट्ट्यांवर सावकाश फिरावे. पांढरी एकवर थांबले तर सूर अधांतरी राहतो, पांढरी सहावर आले की टेकतो. मग अंगठा पांढरी एकवर नेऊन तीच सुरावट पुन्हा वाजवावी. आता टेकण्याची जागा बदललेली असते. पाश्चात्त्य स्वरलिपीतही दोन्ही स्केलची आरंभीची चिन्हे सारखीच असल्यामुळे कागदावरून निवाडा होत नाही. चाल कुठे विसावते आणि साथीचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) कोणत्या सुराकडे ओढतात, हे ऐकावे लागते. एक खूण बहुधा उपयोगी पडते. मायनरमध्ये सा कडे जाण्याची ओढ वाढावी म्हणून कोमल नी पुष्कळदा शुद्ध करतात. पांढरी सहाच्या मायनरमध्ये पांढरी पाचऐवजी काळी चार वारंवार लागू लागली, तर मायनरच समजावे. शुद्ध नीच्या या मायनरचे सूर आपल्याकडच्या कीरवाणीचे आहेत.

नवशिके येथे समांतर मायनरशी गल्लत करतात. समांतर जोडीत सा तोच राहतो आणि सूर बदलतात : पांढरी एकचे मेजर आणि पांढरी एकचेच मायनर. मायनर म्हणजे दुःख, हे समीकरणही फार तोकडे आहे. कोमल गंधाराने रंग गडद होतो हे खरे, पण त्याच गंधारावर मालकंसचे गांभीर्य उभे आहे.

सा हलवून नवी सुरावट काढण्याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात आणि भरताच्या नाट्यशास्त्रात दोन ग्रामांच्या (मूळ स्वरसमूहांच्या) मिळून १४ मूर्च्छना सांगितल्या आहेत. भूपाचे पाच सूर घेतले तर ही गंमत हातात येते : धैवताला सा मानले की धानीचे सूर मिळतात, गंधाराला मानले की मालकंसचे, पंचमाला मानले की दुर्गाचे. सूर मिळाले म्हणून राग मिळत नाही, हे मात्र विसरू नये. भूप आणि देशकार यांचे सूर एकच. चलन (सुरांची चाल) आणि वादी (प्रमुख सूर) वेगळे, म्हणून राग दोन.

दोन्ही संगीतांतला खरा फरक इथे आहे. पाश्चात्त्य रचना मेजरमधून सापेक्ष मायनरमध्ये जाते आणि परतते. सूर सामाईक असल्यामुळे ही वाट सर्वांत सोपी. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारातले अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांची जयपूर-अत्रौली गायकी असो की १८८३ साली स्थापन झालेल्या देवल क्लब या कोल्हापुरातल्या संगीतसंस्थेतली मैफल, रागसंगीतात तंबोऱ्याचा सा आरंभापासून शेवटपर्यंत हलत नाही. गाता गाता मूर्च्छनेचा भास दाखवता येतो, पण मागे तंबोऱ्याची जवारी (तारांचा गुंजता नाद) बोलतच असते.

शिवाय तंबोऱ्यावर मिळवलेले सूर सा हलवल्यावर सगळे जागेवर पडत नाहीत. शुद्ध धैवताची कंपनसंख्या सा च्या ५/३ पट आणि रिषभाची ९/८ पट धरली, तर धैवताला सा मानल्यावर वरचा रिषभ त्याचा मध्यम होतो. पण तो ४/३ ऐवजी २७/२० पट येतो, म्हणजे किंचित चढा. पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असल्याने तिच्यावर कोणताही सा घेतला तरी अंतरे तीच राहतात. म्हणून सापेक्ष जोडी पेटीवर लगेच जमते. मिरजेहून आणलेल्या तंबोऱ्यापुढे बसलेल्या गवयाला मात्र तो मध्यम गळ्याने उतरवून घ्यावा लागतो.