मोहोळच्या मालदांडीपासून ‘स्टे-ग्रीन’ जनुकांपर्यंत

सोलापूरची रब्बी ज्वारी वाढते ती पावसाने मागे ठेवलेल्या ओलीवर. सप्टेंबरच्या मध्यापासून पेरणी सुरू होते आणि पुढे आभाळ बहुधा कोरडेच. काळ्या रानात जेवढी ओल मुरली, तेवढ्यावरच पिकाने पोटरीत यायचे, निसवायचे आणि दाणे भरायचे. ताण बसतो तो नेमका शेवटी, कणीस भरताना. अवर्षण सोसणाऱ्या जनुकांचा शोध जगभर चालू आहे, पण आपल्या रानात त्याचा प्रश्न एवढाच: शेवटच्या महिन्यापर्यंत ओल पुरवायची कशी?

या प्रश्नावर इथे शास्त्रीय काम सुरू झाले १९३०च्या दशकात. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेती संशोधन केंद्र उभे राहिले. मुंबई इलाख्यातल्या त्या काळच्या कामातून कोरडवाहू शेतीची एक पद्धत ठरली: बांधबंदिस्ती, एकरी कमी बियाणे, दोन ओळींत जास्त अंतर आणि वारंवार कोळपणी. त्याच दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर मालदांडी या स्थानिक रब्बी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण पुढे आला. निवड संशोधकांनी केली, पण ज्यातून निवडायचे ते बियाणे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले होते. हे श्रेय वगळून हा इतिहास सांगणे मला अन्यायाचे वाटते.

प्रयोगशाळेतला धागा वेगळीकडे सुरू झाला. ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक १९६०च्या दशकात सापडले. माती सुकू लागली की झाडात ते वाढते आणि पानांवरची रंध्रे मिटतात. पेशी हा निरोप ओळखतात कशाने, हे मात्र २००९ मध्ये उलगडले. मधल्या काळात, १९९८ मध्ये, जपानी संशोधकांनी ‘ड्रेब’ प्रथिने शोधली. ताण आला की ती अनेक संरक्षक जनुके एकदम चालू करतात. यातून ‘दुष्काळाचे एक जनुक’ सापडेल अशी आशा पुष्कळांना वाटली. पण रंध्रे मिटली की पाणी वाचते तसा कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, अन्न तयार होणे थांबते. झाड जगते, पदरात दाणे कमी पडतात.

ज्वारीने दुसरी वाट दाखवली. इथिओपियातल्या ज्वारीपासून तयार झालेल्या ‘बी ३५’ या वाणाची पाने दाणे भरेपर्यंत हिरवी राहतात. या ‘स्टे-ग्रीन’ गुणामागे गुणसूत्रांवरचे चार मुख्य भाग आहेत, एसटीजी १ ते ४. पाने हिरवी राहिल्याने ज्वारीचे ताट, म्हणजे धांडा, लोळत नाही आणि खडखड्या हा खोड पोकळ करणारा रोगही कमी पडतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील संशोधनाने पाने हिरवी राहण्याचे कारण मांडले: हे भाग असलेल्या झाडाला फुटवे कमी येतात, पानांचा पसारा आटोपशीर राहतो, फुलोऱ्याआधी पाणी कमी खर्च होते आणि उरलेली ओल दाण्याच्या कामी येते.

इथे मला थांबावेसे वाटते. विरळ पेरून रानातला पानांचा पसारा कमी ठेवायचा, हेच तर १९३०च्या दशकातल्या पद्धतीने सांगितले होते. बाहेरून पाभरीने, म्हणजे पेरणीच्या अवजाराने, साधलेली काटकसर हे जनुकभाग झाडाच्या आतून साधतात.

२०१४ मध्येच भारतीय संशोधकांनी मालदांडी ३५-१ आणि बी ३५ यांच्या संकरातून या गुणाची स्थाने शोधली. ती एक-दोन नव्हे, अनेक निघाली. त्याआधी, २००९ मध्ये, ज्वारीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाल्याने हे काम सोपे झाले होते.

तरीही मालदांडी हटलेली नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची भाकरी गोड आणि कडबा जनावरे आवडीने खातात. दाणा वाढला पण कडबा घटला, असा वाण दावणीला गुरे असलेला शेतकरी घेणार नाही, आणि त्यात त्याचे काहीच चुकत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीनुसार वाण दिले: हलक्या, म्हणजे उथळ, रानाला फुले अनुराधा, मध्यम रानाला फुले सुचित्रा, भारी रानाला फुले वसुधा. हलक्या रानात ओल लवकर संपते, तिथे लवकर पक्व होणारे पीक तरते. भारी रानात मुळांना खोल जायला वाव असतो.