कॅनडातील निवासी शाळा: भरपाईची मुदत आणि जखमेचा काळ

कॅनडाच्या संदर्भात ‘निवासी शाळा’ हा शब्द फसवा आहे. पैसा सरकारचा, कारभार कॅथलिक, अँग्लिकन आणि इतर चर्चचा, आणि उघड हेतू एकच: मूलनिवासी मुलांना त्यांच्या भाषेपासून, घरापासून तोडायचे. १९२०मध्ये हजेरी सक्तीची झाली. सुमारे दीड लाख फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी मुले या शाळांतून गेली. तिथे क्षयाने मुले मरताहेत, असा अहवाल सरकारी वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी १९०७मध्येच दिला होता. तो बासनात गुंडाळला गेला. शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९०चे दशक उजाडले.

१९९०मध्ये मॅनिटोबातील मूलनिवासी नेते फिल फॉन्टेन स्वतःवरच्या अत्याचारांबद्दल जाहीरपणे बोलले आणि दडपलेल्या गोष्टी बाहेर येऊ लागल्या. १९९८मध्ये ३५ कोटी डॉलरच्या निधीवर ‘अबोरिजिनल हीलिंग फाउंडेशन’ उभे राहिले. गावोगावच्या मूलनिवासी संस्थांनी आखलेल्या उपक्रमांना ते पैसे देई. एखादा समाज या आघातातून सावरून स्थिरावायला सलग दहा वर्षांचे काम लागते, हा या फाउंडेशनचा निष्कर्ष. पण २०१०मध्ये सरकारने नवा निधी थांबवला आणि २०१४मध्ये संस्थाच बंद झाली.

दरम्यान, माजी विद्यार्थ्यांनी सरकार आणि चर्चविरुद्ध केलेल्या सामूहिक दाव्यांची तडजोड २००७मध्ये अमलात आली होती. शाळेत राहिल्याबद्दल पहिल्या वर्षाचे १० हजार डॉलर, पुढच्या प्रत्येक वर्षाचे ३ हजार. म्हणजे पाच वर्षांचे २२ हजार. हिशेब सोपा, पण हजेरीपट गहाळ असला की वर्षे सिद्ध करताना माणूस थकून जाई. लैंगिक आणि गंभीर शारीरिक अत्याचारांसाठी वेगळी सुनावणी होती. ती बंद दाराआड चाले, प्रश्न निवाडा अधिकारीच विचारी, सरकारी वकिलांची उलटतपासणी नसे. तरीही काय घडले आणि त्याने आयुष्याचे काय झाले, याला गुण देऊन रक्कम ठरे. त्यामुळे जे कधी जोडीदारालाही सांगितले नव्हते, ते तपशिलात सांगावे लागे. अर्जाची मुदत १९ सप्टेंबर २०१२. अर्ज आले ३८ हजारांवर.

म्हणून सोबतीची व्यवस्था होती: समाजातील वडीलधारे आणि त्यांचे विधी, सुनावणीच्या आधी, चालू असताना आणि नंतर जवळ बसणारा सहायक, समुपदेशक, प्रवासखर्च. यातले ‘नंतर’ सर्वांत अवघड, कारण दावा निकालात निघाला तरी उकललेली आठवण मागे उरतेच. याच तडजोडीतून नेमलेल्या सत्य व सलोखा आयोगाच्या सभांत एक साधी रीत पाळली जाई: अश्रू पुसलेले कागदी रुमाल कचऱ्यात न टाकता गोळा करून पवित्र अग्नीत अर्पण करायचे. पुढे २०१५मध्ये या आयोगाच्या ९४ शिफारशींत उपचार केंद्रांना कायमस्वरूपी निधी देण्याची मागणी आली.

पूर्वेकडच्या लॅब्राडोरमधील शाळा २००७च्या तडजोडीबाहेर राहिल्या. तिथली तडजोड २०१६मध्ये झाली. दिवसा भरणाऱ्या शाळांतल्या मुलांना २०१९पर्यंत थांबावे लागले. मग मे २०२१मध्ये कॅमलूप्सच्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात रडार पाहणीत संभाव्य कबरींच्या खुणा दिसल्या आणि अनेकांची जुनी जखम पुन्हा भळभळली.

एक मुदत अजून उरली आहे. अत्याचारांच्या सुनावणीतले जबाब गोपनीय आहेत. २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार दावेदाराने जतन करायला सांगितले नाही, तर ते १९ सप्टेंबर २०२७ नंतर नष्ट होतील. प्रत स्वतःकडे मागवता येते किंवा विनिपेगच्या सत्य व सलोखा राष्ट्रीय केंद्रात ठेवता येते. काहींना ते कागद जळून जावेत असेच वाटते, आणि निर्णय त्यांचाच आहे. सहायकाने मुदत सांगावी, पर्याय समजावून द्यावेत आणि सही घ्यायची घाई करू नये.