पार्श्वभूमी : समोशाशेजारची पाटी

जुलै २०२५च्या मध्यावर बातमी सुटली की समोशावर आता सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा येणार. दोन-तीन दिवस वाहिन्यांना दुसरा विषय उरला नाही. बातमी निघाली नागपुरातून. तिथल्या केंद्र सरकारच्या एका मोठ्या रुग्णालयात खाण्याच्या जागी समोसा, जिलबी, वडापाव यांच्यातलं तेल-साखरेचं प्रमाण सांगणाऱ्या पाट्या लागणार होत्या. शहरातल्या एका हृदयरोगतज्ज्ञाने साखर आणि ट्रान्सफॅट यांना नवा तंबाखू म्हटलं. मथळे करणाऱ्यांना तेवढं पुरलं.

मूळ पत्र त्याआधीचं, २१ जूनचं. केंद्राच्या आरोग्य खात्याने इतर मंत्रालयांना आणि सरकारी संस्थांना लिहिलं होतं की कँटीनमध्ये, बैठकीच्या खोल्यांमध्ये तेल-साखरेचे फलक लावा आणि लेटरहेड, पाकिटं, फोल्डर यांवर आरोग्याचा संदेश छापा. जानेवारीत डेहराडूनला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी घरातलं तेल १० टक्क्यांनी कमी करा, असं आवाहन केलं होतं. पत्राची पाळंमुळं तिथे. लठ्ठ आणि जादा वजनाच्या भारतीयांची संख्या २०२१ मधल्या १८ कोटींवरून २०५० पर्यंत ४४.९ कोटींवर जाईल, हा अंदाजही त्यात होता. पत्रात बंदी नव्हती आणि गाडीवाल्याला एका शब्दाचाही आदेश नव्हता. १५ जुलैला सरकारने तसा खुलासा केला. हा सर्वसाधारण सल्ला आहे, विक्रेत्यांच्या पदार्थांवर लेबल लावायला सांगितलेलं नाही आणि देशी खाण्यावर रोख नाही, असं त्यात म्हटलं होतं.

खुलासा खरा होता, पण लोकांचा राग निव्वळ अफवेवरचा नव्हता. पुडक्यातल्या खाण्याच्या दर्शनी बाजूला मीठ-साखर-चरबीचा इशारा छापायचा की नाही, हा घोळ २०१८ पासून चालू आहे. त्या वर्षी मर्यादेबाहेर गेलेल्या घटकासमोर लाल रंग द्यायचा मसुदा निघाला, उद्योगांनी आरडाओरडा केला आणि काही महिन्यांत तो बाजूला पडला. सप्टेंबर २०२२ मध्ये नवा मसुदा आला. त्यात इशाऱ्याऐवजी अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे! म्हणजे कमीत कमी गुण मिळवणारं पुडकंही अर्धा तारा मिरवणार. आरोग्य कार्यकर्त्यांनी यावर झोड उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी पूर्ण करायला सांगितलं. ती मुदत संपत होती नेमकी जुलैमध्ये, समोशाचा गदारोळ चालू असताना. ती वाढवून घेतली गेली, आणि त्या बातमीला कुणी विचारलं नाही. चिप्सच्या पुडक्यावर सात वर्षांत चार शब्द छापून होत नाहीत आणि कागदावर ठेवून दिल्या जाणाऱ्या समोशाची पाटी मात्र तयार, हे लोकांना खटकलं असेल तर चूक कुणाची? मुंबईच्या एका खासदाराने पाश्चात्त्य पदार्थांना मोकळं रान आणि देशी पदार्थांवर बोट, असं होऊ देणार नाही म्हटलं. वाद मग देशी-विदेशीकडे वळला. खरा भेद सुट्या आणि पुडकाबंद खाण्यातला होता, तो राहून गेला.

आता 'देशी'. समोसा मुळात पश्चिम आणि मध्य आशियातून आलेला. गझनीच्या दरबाराच्या अकराव्या शतकातल्या बखरीत तो सापडतो. चौदाव्या शतकात तुघलकाच्या दरबारी आलेल्या मोरोक्कोच्या प्रवाशाने खिमा, बदाम, पिस्ते, अक्रोड, कांदा भरून तुपात तळलेला समोसा नोंदवला आहे. पुढे मांडूच्या सुलतानाच्या सचित्र पाककृतींतही त्याचे बरेच प्रकार आहेत. बटाटा यात कुठेच नाही, तो अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत आला आणि त्याची सर्रास लागवड इंग्रजी अमदानीतली. गोव्यात पोर्तुगीजांनी समोसा उचलला आणि लिस्बनपर्यंत नेला. तिथे आजही तो 'शमुसा' नावाने मिळतो.

मुंबईत दोन घराणी शेजारी नांदतात. जुनं पट्टी समोशाचं. पातळ पोळ्या तेल-पिठाचा हात लावून एकावर एक लाटायच्या, तव्यावर जेमतेम शेकायच्या, पापुद्रे सोलून पट्ट्या कापायच्या आणि खिमा भरून मैद्याच्या खळीने चिकटवायच्या. बोहरी घरांत खिम्याला कोळशाचा धूर देतात. रमजानात मोहल्ल्यांमधून नुसत्या पट्ट्यांचे गठ्ठे विकायला असतात. दुसरं घराणं, ज्याला आपण सरसकट 'पंजाबी समोसा' म्हणतो, ते फाळणीनंतर बळावलं. सायन कोळीवाड्याला पंजाबी आणि उल्हासनगरला सिंधी निर्वासित वसले. जाड पारीचा, बटाटा-वाटाण्याचा, छोल्यांबरोबरचा समोसा त्यांच्या दुकानांतून शहरभर गेला. पुढे मुंबईने तो पावात घातला. मुंबई कशालाही पावात घालते.

पाटीशी खरा संबंध आहे तो तळणीचा. दरबारी समोसा तुपातला होता, म्हणजे रोजचा नव्हता. १९३०च्या दशकात वनस्पती तूप आलं आणि मोहनाचा खर्च उतरला. रेशनवरचं पामोलिन आपल्याकडे दिवाळीच्या रांगांमुळे अनेकांना आठवत असेल. १९९४ मध्ये त्याची आयात खासगी व्यापाराला खुली झाली, तेल स्वस्त झालं आणि समोसा नाक्यानाक्यावर रोजचा झाला. पंजाबी समोशाची पारी खुसखुशीत व्हायला मोहन सढळ लागतं आणि तळण मंद आचेवर, बराच वेळ. घाई केली तर पारीवर फोड येतात. त्यामुळे कढई तासन्‌तास तापलेली राहते, उरलेल्या तेलात नव्याची भर पडत जाते आणि तळाचं तेल काळं होत जातं.

यासाठी नियम आहे, आणि तो पाट्यांहून कितीतरी कामाचा आहे. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांचं, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या खराब द्रव्यांचं, प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही. त्याच वर्षी असं तेल गोळा करून जैवडिझेलकडे वळवायची योजनाही आली. कारण उघड होतं. मोठ्या तळणाऱ्यांचं उतरलेलं तेल स्वस्तात गाड्यांवर पोहोचतं. पण वापरलेल्या तेलाची नोंद ठेवायची सक्ती रोज ५० लिटरच्या वर तेल लागणाऱ्यांनाच आहे. कोपऱ्यावरची कढई त्यात येत नाही.

संसदेत जुलै संपता संपता समोसा पुन्हा निघाला. उत्तर प्रदेशातल्या एका खासदाराने लोकसभेत तक्रार केली की कुठे समोसा मोठा मिळतो, कुठे छोटा, भावाला धरबंध नाही. आकार आणि दर ठरवणारा कायदा करा, अशी त्यांची मागणी होती. कढईतल्या तेलाबद्दल कायदा आधीच असल्याचं त्या महिन्यात कुणी काढलं नाही.