६४१ ने भाग जाणारी संख्या

एखादा नियम पहिल्या चार-पाच उदाहरणांत जुळला की तो सिद्धच झाला, असा समज सुशिक्षितांमध्येही आढळतो. त्याचे उत्तर ४,२९,४९,६७,२९७ या एका संख्येत आहे.

ही संख्या २ च्या ३२ व्या घातापेक्षा १ ने मोठी आहे. २ चे १, २, ४, ८ आणि १६ वे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात, आणि त्या पाचही मूळ आहेत. घातांक असाच दुप्पट करत गेल्यास मूळ संख्याच मिळत राहतील, असे पिएर द फर्मा यांना १६४० च्या सुमारास वाटत होते. सिद्धता मात्र त्यांच्याकडे नव्हती. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी दाखवले की पुढचीच संख्या ६४१ × ६७,००,४१७ आहे.

६४१ शोधायला शेकडो भागाकार करावे लागत नाहीत. समजा, प ही मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. मग २ च्या ३२ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी उणे १ उरते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो) आणि त्याचा वर्ग केल्यावर, म्हणजे ६४ व्या घाताला, बाकी १ येते. बाकी १ देणारा सर्वांत लहान घातांक ६४ चा विभाजक असतो, पण ३२ चा असू शकत नाही. म्हणून तो ६४ च असतो. फर्मा यांच्याच दुसऱ्या प्रमेयानुसार (प − १) व्या घातालाही बाकी १ येते. तेव्हा प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ आहेत, म्हणजे पाचव्या प्रयत्नात उत्तर हाती येते!

पडताळा तर त्याहून देखणा आहे. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्या रूपावरून ५ × १२८ ची बाकी उणे १ आहे. तिचा चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ येते. दुसऱ्या रूपावरून ६२५ च्या जागी उणे १६ ठेवता येतो, आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ ठरते आणि त्यात १ मिळवल्यावर काहीच उरत नाही. लांबलचक भागाकार न करता सिद्धता पुरी होते.

अंकज्योतिषी याच संख्येच्या अंकांची बेरीज करत ५ वर येतील आणि त्यातून स्वभाव सांगतील. त्या बेरजेतून कळते ते इतकेच, की ९ ने भागल्यावर बाकी ५ उरते. ६४१ चा त्यात मागमूसही नाही.

यानंतरची, २ च्या ६४ व्या घातात १ मिळवून येणारी संख्या २,७४,१७७ ने विभाज्य असल्याचे १८८० मध्ये जाहीर झाले. ६५,५३७ च्या पुढे या मालिकेतली एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही, आणि यापुढे ती नाहीच हेही कोणी सिद्ध केलेले नाही.