‘कुंग फू पांडा’मागचं हाँगकाँग

ड्रीमवर्क्स स्टुडिओचा ॲनिमेशनपट ‘कुंग फू पांडा’ जून २००८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याचा साचा मात्र बरोबर तीस वर्षं आधी हाँगकाँगमध्ये तयार झाला होता.

जुलै १९७३ मध्ये ब्रूस ली गेला. निर्मात्यांनी त्याच्यासारखे दिसणारे, त्याच्यासारखे ओरडणारे नट उभे केले, पण त्या नकलेत दम नव्हता. गणित जमलं ते १९७८ मध्ये. दिग्दर्शक युएन वू-पिंगने त्या एकाच वर्षी जॅकी चॅनला घेऊन ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ आणि ‘ड्रंकन मास्टर’ काढले. मार खाणारा किंवा टगा पोरगा, विक्षिप्त म्हातारा वस्ताद (दोन्हीकडे दिग्दर्शकाचे वडील, युएन सिउ-तिएन), जीव नकोसा करणारी तालीम आणि शेवटी बलाढ्य शत्रूपुढे त्या पोराचा एखादा चमत्कारिक डाव. हसू येतं ते तालमीत. चॅन लहानपणापासून पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे पारंपरिक चिनी संगीतनाट्याच्या, शाळेत वाढलेला. तिथे कोलांटी, गाणं, मारामारी सगळं एकत्रच शिकवत, त्यामुळे विनोद आणि ठोसा एकाच तालात येतात.

पांडाच्या संघात पहिला विचार निव्वळ विडंबनाचा होता. जॉन स्टीव्हनसन आणि मार्क ऑस्बोर्न या दिग्दर्शकांनी तो बदलला, आणि चित्रपट तिथेच वाचला असं मला वाटतं. इथे चेष्टा होते ती पो या नायक पांडाच्या वेंधळेपणाची; कुंग फूची होत नाही.

डम्पलिंगचा (सारण भरलेला, मोदकासारखा चिनी पदार्थ) प्रसंग बघा. खाण्यासाठी पो उंच फळीवर सहज चढतो हे त्याचा वस्ताद शिफूच्या लक्षात येतं आणि तो खाण्याचंच आमिष लावून तालीम घेतो. शेवटच्या डम्पलिंगसाठी दोघांच्या चॉपस्टिक्स भिडतात. ते हाती लागल्यावर पो खात नाही, शिफूकडे फेकतो. चॉपस्टिक्सची अशीच झटापट चॅनच्या ‘फिअरलेस हायना’त (१९७९) आहे.

खरी अडचण होती शरीरांची. वाघ, बगळा, माकड, साप आणि नाकतोडा या कुंग फूच्या शैलींमध्ये माणूस प्राण्याची नक्कल करतो. इथे प्राणीच लढणार. बगळ्याच्या चोचीसाठी माणूस बोटं जुळवतो. खऱ्या बगळ्याला चोच असतेच, हात मात्र नसतात. सापाला ठोसाच मारता येत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला विळखे आणि फटके. नाकतोडा तर रुंद पडद्यावर दिसतही नाही. त्याची ताकद कळते ती तो ज्याला उचलून आपटतो त्याच्यावरून. मारामाऱ्यांची आखणी रोडोल्फ गेनोदँकडे होती. तो मुळात ॲनिमेटर, शिवाय मार्शल आर्ट्स जाणणारा, त्यामुळे हे प्रश्न कागदावरच सुटले.

ठोसा लागल्यासारखा वाटणं हीही हाँगकाँगचीच विद्या. तिथे कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी २२ फ्रेमने (चित्रांनी) चालवत, म्हणजे पडद्यावर हालचाल जलद दिसे. फार कमी केल्या की मूकपटासारखी धावपळ होई. कोन बदलताना ठोशाच्या शेवटच्या दोन-तीन फ्रेम पुन्हा दाखवत. नाही दाखवल्या तर डोळा नवा कोन समजून घेईपर्यंत मार होऊन गेलेला असतो. संगणकावर कॅमेऱ्याचा वेग बदलायची गरज नाही. ठोसा दोन-तीन फ्रेममध्ये उरकायचा आणि त्याच्या आधीचा व नंतरचा पवित्रा रोखून धरायचा. सगळंच सारख्या वेगात हललं तर वजन उरत नाही, आणि पांडाचं वजन हाच तर मुख्य विनोद.

चित्रपटाच्या सुरुवातीचं पोचं स्वप्न हाताने काढलेल्या द्विमितीय शैलीत आहे. ते जेनिफर यू नेल्सनने सांभाळलं आणि २०११ चा दुसरा भाग तिच्याकडेच आला.

चीनमध्ये चित्रपट गाजला आणि वादही पेटला: पांडा आमचा, कुंग फू आमचं, मग हा चित्रपट आम्हाला का नाही सुचला? खरं तर शांघायच्या वान बंधूंनी १९४१ मध्येच पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट ‘प्रिन्सेस आयर्न फॅन’ केला होता, आणि साठच्या दशकातल्या ‘हॅवॉक इन हेवन’मध्ये त्यांचा वानरराजा ऑपेराच्या झांजांवर लढतो. २०१६ चा तिसरा भाग अखेर शांघायच्या स्टुडिओच्या भागीदारीत झाला. त्याच्या मँडरिन आवृत्तीसाठी नुसता आवाज बदलला नाही, पात्रांचे ओठ आणि चेहरेही नव्याने हलवले.